अनधिकृत बांधकामांचा आकाशातून शोध

४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे शहरातील शीळफाटा येथे एक सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. इमारत अनधिकृत होती. काही आठवड्यांतच ती एवढी चढविण्यात आली होती, आणि वरचे काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. पृथ्वीभोवती इतके उपग्रह फिरत असता एवढी इमारत कोणालाच कशी दिसली नाही, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येतो. त्याचा थोडा बारकाईने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून वा अन्य लहरींवरून तिची माहिती मिळविणे, याला दूरसंवेदन म्हणतात. उपग्रहाचे चित्र चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते, व एका ठिपक्यात किती जमीन मावते यावर बरेच अवलंबून असते. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात खरे. परंतु त्यांचा ठिपका दहा मीटर लांब व तितकाच रुंद. चाळीतली दहा बाय दहा फुटांची खोली त्याचा दहावा हिस्साही भरीत नाही. उलट, २०१९ साली भारताने सोडलेला कार्टोसॅट-३ पाव मीटरच्या आसपासचा तपशील टिपतो, पण एका फेरीत तो अरुंद पट्टाच पाहतो. बारकाई आणि वारंवारता या दोहोंचा मेळ घालणे हीच यातली खरी अडचण होय.

शोधाची रीत मात्र सोपी आहे. एकाच भागाची दोन तारखांची चित्रे एकमेकांवर बसवावयाची आणि जेथे फरक दिसेल तेथे खूण करावयाची. हे काम आता संगणक करतो. पण त्याची फसगतही होते. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईकर छपरावर निळी ताडपत्री ओढतात. संगणकाला ते नवे बांधकाम वाटते! पुढे जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात, परंतु दाट वस्तीतले त्यांचे चित्र वाचणे जाणकारालाही जड जाते.

याहून अवघड गोष्ट म्हणजे उंची. वरून पाहणाऱ्याला छप्पर दिसते, मजले दिसत नाहीत. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील इमारतींना पाच मजल्यांची परवानगी होती. १९८० च्या दशकात त्यांतील एक वीस मजल्यांपर्यंत गेली. छपराचा आकार पाच मजल्यांना जो, तोच विसांना. अशा वेळी सावली उपयोगी पडते. सूर्य क्षितिजावर ४५ अंशांवर असता सावली इमारतीच्या उंचीइतकीच पडते. म्हणजे दोन मजले चढविले की ती सुमारे सहा मीटरांनी लांबते. अर्थात, शेजारी मोकळी जागा हवी. ती मुंबईत कोठून आणावी? म्हणून एकाच जागेची दोन कोनांतून चित्रे घेऊन उंची मोजतात. २००५ सालच्या कार्टोसॅट-१ वर त्यासाठीच दोन कॅमेरे होते. परिणाम असा की, झोपडीचा नवा पत्रा चटकन सापडतो आणि श्रीमंताचा वाढीव मजला निसटतो. हे आम्हांस विसरून चालणार नाही.

आणि एवढे करूनही चित्रात दिसतो तो बदल; बेकायदेशीरपणा दिसत नाही. तो कळतो मंजूर नकाशाशी ताडून पाहिल्यावरच, आणि तो नकाशा असतो पालिकेच्या दप्तरात. मंजुऱ्या संगणकावर व अचूक हद्दींसह नोंदलेल्या नसतील, तर आकाशातील चित्र निरुपयोगी ठरते.

चित्राला तारीख असते, हा त्याचा दुसरा गुण. महाराष्ट्रात झोपडीवासीयांच्या संरक्षणासाठी १ जानेवारी २००० ही तारीख ठरविण्यात आली होती. त्या सुमाराच्या चित्रात एखादी वस्ती दिसली, तर ते चित्र तेथल्या रहिवाशांच्या बाजूनेही साक्ष देऊ शकते.

शीळफाट्यासारख्या ठिकाणी वर्षातून एकदा घेतलेले चित्र कामाचे नाही. जोते घातले जाते त्या पंधरवड्यातच खूण उमटली व ती त्याच आठवड्यात निरीक्षकाच्या हाती पडली, तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खालील नोटीस रिकाम्या जोत्यावर बजावता येते. तीच नोटीस चार महिन्यांनी निघाली, तर ती घेण्यास दार उघडणारे बिऱ्हाड तेथे राहावयास आलेले असते.