डांग्या खोकल्याला औषध लागू पडेना तेव्हा

चिनी आणि जपानी भाषेत या आजाराचे नावच 'शंभर दिवसांचा खोकला' असे आहे. आपल्याकडे तो डांग्या खोकला. मूल खोकत सुटते, तोंड लालबुंद होते, श्वास आत घेताना लांब 'हूप' असा आवाज येतो आणि शेवटी उलटी होते. तान्ह्या बाळात मात्र हा आवाज पुष्कळदा येतच नाही. ते खोकताना निळे पडते, कधी खोकला नसतानाही त्याचा श्वास थांबतो. या आजाराने दगावतात ती बहुतेक अशी काही महिन्यांची बाळेच.

यावर डॉक्टर देतात ते नेहमीचे औषध म्हणजे ॲझिथ्रोमायसिन. जंतूच्या आत प्रथिने तयार करणारे यंत्र असते, त्याला हे औषध चिकटते आणि ते बंद पाडते. पण त्या यंत्राच्या जनुकीय आराखड्यातले एक अक्षर बदलले, की औषधाला पकड मिळत नाही. एवढ्याशा बदलाने औषध निकामी! असा जंतू पहिल्यांदा १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका बाळात सापडला. २०११ च्या सुमारास तो चीनमध्ये दिसू लागला आणि आज तिथे तपासलेल्या बहुतेक नमुन्यांत तोच असतो. जपानमध्ये २०१८ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद होते. तेव्हापासूनचे सर्वाधिक रुग्ण तिथे २०२५ मध्ये आढळले, औषधाला दाद न देणारे जंतू सापडले आणि तान्ही बाळेही दगावली.

रत्नागिरीच्या बौद्धवाडीत बसून जपानची काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्या देशातल्या खाजगी औषधविक्रीचा २०१९ चा अभ्यास सांगतो, की सर्वात जास्त खपलेले अँटिबायोटिक म्हणजे ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. घसा धरला, नाक वाहू लागले, की मेडिकलमधून पाकीट आणायचे. सर्दी विषाणूची, तिच्यावर ही गोळी काहीच करत नाही. गोळीचा अंश मात्र शरीरात कित्येक दिवस राहतो. तेवढ्यात साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि तेच पुढे दुसऱ्याकडे जातात. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर चिठ्ठीशिवाय ते घेऊ नये आणि शेजारणीने दिले तरी नको.

मोठ्या माणसांसाठी दुसरे औषध निघते. कोट्रायमोक्झाझोल हा तसा पर्याय, पण तो दोन महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. म्हणजे ज्याला धोका सर्वात जास्त, त्याच्यासाठीच पर्याय सर्वात कमी.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. औषध पूर्ण घेऊनही खोकला राहिला, म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाही असे नव्हे. जंतूच्या विषाने श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावलेले असते, ते भरून यायला आठवडे लागतात. औषध लवकर दिले तर आजार हलका होतो, उशिरा दिले तर मुख्य फायदा एवढाच की घरातल्या इतरांना लागण थांबते. तेव्हा खोकला राहिला म्हणून स्वतःच दुसरे औषध सुरू करू नका, डॉक्टरांना पुन्हा दाखवा. बाळ निळे पडले, श्वास थांबला किंवा दूध घेईना, तर १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा. धुरी देऊ नका, धुराने खोकला चिघळतो. वर्षाखालच्या बाळाला मधही चाटवू नका.

जंतू औषधाला दाद देवो न देवो, लस आपले काम करते. सरकारी केंद्रात पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. नंतर १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा ५ ते ६ वर्षांत डीपीटीचा बूस्टर. पहिल्या सुईने ताप आला म्हणून कितीतरी आया दुसरीला बाळ नेत नाहीत. खाजगीत मिळणारी 'न दुखणारी' लस महाग, म्हणून ती चांगली, असेही ऐकू येते. फुकटची लस अख्खा मेलेला जंतू वापरून केलेली असते, म्हणून ताप आणि सूज जास्त, पण तिचे संरक्षण जास्त काळ टिकते. चीन-जपानात ती दुसरी, कमी तापाची लस वापरतात. आपल्या उपकेंद्रातली लस कमी दर्जाची समजण्याचे काहीच कारण नाही.

बाळंतपणाला मुंबईहून माहेरी आलात आणि मधला डोस चुकला, तर कार्ड घेऊन नर्सताईंकडे जा. मुंबईचे कार्ड इथेही चालते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि गरोदरपणात मिळणारी टीडीची सुई धनुर्वात आणि घटसर्प यांची आहे, डांग्या खोकल्याची नाही. तिसरा भाग असलेली टीडॅप लस सध्या खाजगीत घ्यावी लागते, साधारण सातव्या ते नवव्या महिन्यात. ती परवडली नाही, तर सहा आठवड्यांपर्यंत बाळ उघडेच असते. तोवर घरात कुणाला दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, मग ती आजी का असेना, तिने डॉक्टरांना दाखवेपर्यंत बाळ मांडीवर घेऊ नये.