सुरक्षा अभियंत्याची खुर्ची

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या असून प्रकाशतंतूंनी त्या मध्यवर्ती केंद्राशी जोडलेल्या आहेत. मोबाइलच्या लहरींपासून अशा दुर्बिणीला जपावे लागते, हे विज्ञानदिनाला खोडदमध्ये लोटणारी गर्दीही जाणते; परंतु २९ ऑक्टोबर २०२२ रोजी चिलीतील आल्मा वेधशाळेवर सायबर हल्ला झाला तेव्हा अँटेना आणि वैज्ञानिक विदा दोन्ही सुरक्षित राहूनही, केवळ संगणकयंत्रणा पूर्ववत होईपर्यंत निरीक्षणे सुमारे सात आठवडे बंद ठेवावी लागली. संगणकांच्या आधारे चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला वरिष्ठ सुरक्षा अभियंता लागतो तो यासाठीच.

त्याचे काम नेमके कोणते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणावरून चांगले उमगते. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर पैसे देण्याची परवानगी मागणारा संदेश ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य खातेप्रणालीकडे जातो आणि शिल्लक पाहून होकार किंवा नकार परत येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी बनावट स्विच मध्ये घुसवला. तो मुख्य प्रणालीला न विचारता परस्पर होकार देत राहिला आणि अनेक देशांतील एटीएममधून पैसे निघाले. त्यानंतर स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतूनही रक्कम हाँगकाँगला गेली आणि एकूण नुकसान ९४ कोटी रुपयांवर पोहोचले. दिलेले होकार आणि खात्यांतून वजा झालेल्या रकमा यांचा मेळ सतत घालणारी, तफावत दिसताच व्यवहार रोखणारी तपासणी आखणे, हे अशा अभियंत्याचे खरे काम होय. फायरवॉल, म्हणजे जाळ्याच्या वेशीवरची चौकी, बसवून ते संपत नाही.

भरतीच्या जाहिरातींत मात्र प्रमाणपत्रांचीच जंत्री असते. त्यांना मोल नाही असे नव्हे. पण व्यवहार थांबवण्याचा अधिकार नसलेला जाणकारही शेवटी हात चोळतच बसतो. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांनी सुरक्षाप्रमुखाला माहिती-तंत्रज्ञान विभागप्रमुखाच्या थेट हाताखाली ठेवू नये आणि त्याच्यावर व्यवसायाची उद्दिष्टे लादू नयेत असे ठरवले, ते यथायोग्यच म्हणावे लागेल. शिवाय २०२२ पासून सायबर घटनेची माहिती सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला ६ तासांत कळवावी लागते. तेव्हा मुलाखतीत उमेदवाराला शनिवारी रात्री दोन वाजता तो कोणते यंत्र प्रथम बंद करील हे विचारावे, आणि त्याने ते बंद करण्यापूर्वी कोणाची परवानगी लागेल, याचे उत्तर संस्थेने स्वतः तयार ठेवावे.