सुरांची मजुरी

सोलापूरला खेटून असलेल्या कुंभारीत विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांचं लोकार्पण २००६ साली झालं. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही वसाहत कामगार संघटनेच्या बळावर उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, खुशरू संटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. या दोन घटनांना जोडणारा धागा मजुरीचा आहे. कुंभारीतली बाई मांडीवर सूप घेते, तेंदूचं पान मापात कापते, तंबाखू भरून वळते, दोरा गुंडाळते. तिचा हिशेब हजार विड्यांवर होतो. जगभरच्या वाद्यवृंदांपुढेही आज हाच प्रश्न आहे: वादकाला महिन्याचा पगार द्यायचा, की वाजवेल तेवढ्याचेच पैसे?

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली ‘बॉम्बे सिम्फनी’ उभी केली. त्यांचे चिरंजीव झुबिन पुढे जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांचे संचालक झाले. पण मुंबईच्या वादकांना पोटापाण्याला लावलं ते सिनेमानं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं नोटेशन वाचायला शिकत. तीच पुढे व्हायोलिन, ट्रम्पेट घेऊन मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत आली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो भरगच्च वाद्यमेळ कागदावर उतरवला सेबॅस्टियन डिसोझांनी. कोणत्या वाद्यानं कुठं शिरायचं आणि कुठं थांबायचं, हे एकेका वादकासाठी लिहून काढावं लागे. मजुरी मात्र शिफ्टवर मिळे आणि श्रेयनामावलीत बहुतेकांचं नाव नसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ साली लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचा प्रयोग केला, पण तो फार काळ चालला नाही. पुढे मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण आणि सिंथेसायझर आले. ज्या दालनात पन्नास-साठ जण एका दमात वाजवत, तिथं एकेक जण येऊन आपला तुकडा वाजवून जाऊ लागला. हळूहळू त्याचीही गरज उरली नाही.

पाश्चात्त्य देशांतही सगळं आलबेल नाही. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ सालीच याचं मूळ दाखवून दिलं. यंत्रानं कारखान्याचं उत्पादन वाढतं, पण बीथोव्हेनच्या सिम्फनीला आजही तेवढेच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. इतरांच्या बरोबरीनं वादकांचे पगार वाढवायचे, तर तिकिटांवर भागत नाही. देणगी किंवा सरकारी पैसा लागतोच. तो आटला की काय होतं, ते २०११ साली दिसलं. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नामवंत संस्थेला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. २०१२ साली मिनेसोटात करार फिसकटला आणि व्यवस्थापनानं वादकांना वर्षाहून अधिक काळ कामाबाहेर ठेवलं. २०२३ साली बीबीसीनं इंग्लंडमधल्या आपल्या वाद्यवृंदांतल्या पगारी जागा कमी करायचं ठरवलं, तेव्हा वादक आणि रसिकांनी इतका विरोध केला की बीबीसीला फेरविचार करावा लागला. मेहलींनी १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेली ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ही पैशाअभावी २०२४ साली बंद पडली.

काही बदल मात्र मनापासून स्वागत करावेत असे आहेत. अमेरिकेत निवडीच्या वेळी उमेदवार पडद्यामागून वाजवू लागले, आणि ऐकणाऱ्यांना फक्त सूर उरला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं १९९७ साली बायकांना सभासदत्व दिलं. बर्लिन फिलहार्मोनिकनं २००८ साली इंटरनेटवर मैफली दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे सोलापूरच्या मुलालाही ते वादन मोबाइलवर ऐकता येतं. ऐकायची सोय झाली. शिकायची अजून व्हायची आहे.

‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ची खरी कसोटी इथेच आहे. झाकीर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा ‘पेशकार’ या वाद्यवृंदानं २०१५ साली प्रथम सादर केला, २०१९ साली ब्रिटनचा दौरा केला. तरीही मोठ्या रचनांसाठी परदेशी वादक बोलवावे लागतात, कारण ओबो, बसून, हॉर्न शिकवणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणूनच २०१२ साली सुरू झालेली त्यांची संगीत अकादमी मला मैफलींपेक्षाही मोलाची वाटते. इथले वादक वाजवतात आणि शिकवतातही. बांधलेलं उत्पन्न असेल तरच माणूस रोज रियाजाला बसतो आणि पुढची पिढी घडवतो.

आपल्या जिल्ह्यांतही क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आहेत, ते बँडपथकांत. लग्नसराईत चार पैसे मिळतात, उरलेलं वर्ष दुसरी मजुरी. त्यात वरातीत डीजे शिरला. या मुलांचा कान तयार असतो, दम असतो. त्यांना नोटेशन शिकवणारा पगारी शिक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणं सरकारला, विद्यापीठाला, साखर कारखान्यांना जड जाऊ नये. कुंभारीतल्या बायकांना घरं मिळाली ती कुणाच्या दयेवर नव्हे. हक्क म्हणून वर्षानुवर्षं मागितली, तेव्हा मिळाली. वादकांनीही आपला पगार, आपलं नाव आणि म्हातारपणाची तरतूद तशीच एकत्र येऊन मागितली पाहिजे. आणि आपण रसिकांनी टाळ्या वाजवण्यापुरतं नव्हे, तर या मागणीसाठीही त्यांच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.