व्याकरणाधिष्ठित साधनांद्वारे पार्सररचना : संदिग्धतेचा प्रश्न

संगणकभाषेत लिहिलेला मजकूर कम्पायलरच्या दृष्टीने प्रथमतः चिन्हांची एक मालिका असते. तिच्यातील रचना शोधण्याचे कार्य पार्सर करतो. भाषेचे व्याकरण पुरवून पार्सर साधनाकडूनच तयार करून घेण्याची पद्धत स्टीफन जॉन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या ‘यॅक’मुळे १९७० च्या दशकात रूढ झाली. तिचा सैद्धान्तिक पाया डोनाल्ड नुथ यांनी १९६५ मध्ये घातला होता. (अशा व्याकरणलेखनाच्या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, असे पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचविले होते.) प्रस्तुत लेखात या साधनांच्या वापरातील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे, प्रात्यक्षिकांत त्याकडे दुर्लक्ष होणे फार सोपे आहे.

पुढील व्याकरण पाहावे :

पदावली → पदावली - पदावली | पदावली * पदावली | संख्या

वरकरणी ते निर्दोष वाटते. परंतु ८ - ३ - २ याचे त्यानुसार दोन अर्थ संभवतात. एकाचे उत्तर ३, दुसऱ्याचे ७. ‘८ - ३’ वाचून झाल्यावर पुन्हा वजाचिन्ह समोर आले, की वाचलेल्या भागाची एक पदावली करावी (रिड्यूस) की नवे चिन्ह स्वीकारावे (शिफ्ट), हे व्याकरण सांगत नाही. अशा वेळी यॅक शिफ्ट निवडते आणि उत्तर ७ येते. २ * ३ - ४ याचे उत्तरही २ ऐवजी उणे २ मिळते. शिफ्टचा हा नियम अविचारी नव्हे. ‘इफ-एल्स’च्या संदिग्धतेत ‘एल्स’ निकटच्या ‘इफ’ला जोडले जाते ते त्यामुळेच. वजाबाकीत मात्र तोच घात करतो. या व्याकरणात असे चार संघर्ष आहेत. यॅक त्यांची केवळ संख्या एका ओळीत कळविते व पार्सर तयार करून देते. ‘७ - २’ एवढ्याच चाचणीवर समाधान मानणाऱ्यास दोष कधीच दिसत नाही.

यावर ‘%लेफ्ट’ या घोषणेने चिन्हांची डावी जोडणी व अग्रक्रम सांगता येतो. नंतर घोषित केलेले चिन्ह वरचढ ठरते. दुसरा मार्ग व्याकरणच स्तरबद्ध करण्याचा :

पदावली → पदावली - गुणपद | गुणपद
गुणपद → गुणपद * संख्या | संख्या

अध्यापनात आरंभी दुसराच मार्ग घ्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण घोषणेने संघर्षाची सूचना नाहीशी होते, तर येथे अग्रक्रम नियमांतच दिसतो. यॅकच्या परंपरेतील ‘बायसन’च्या २०२० मधील ३.७ या आवृत्तीपासून संघर्ष घडविणारे उदाहरणच मागून घेता येते. ते विद्यार्थ्याने वहीत उतरवून त्याचे दोन्ही वृक्ष काढावेत. पार्सर चालवून पाहणे त्यानंतर.