साथरोग अधिनियम : अधिकार आणि उत्तरदायित्व

प्लेगच्या साथीत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम संमत झाला. त्याच्या अवघ्या चार कलमांनी शासनाला व्यापक अधिकार आणि सद्‌भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. पुण्यात सक्तीच्या घरझडत्यांमुळे असंतोष पसरला. २२ जूनला प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

मार्च २०२० मध्ये याच अधिनियमान्वये महाराष्ट्राने कोविडविषयक विनियम लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ला अजामीनपात्र ठरविला. परंतु टाळेबंदीत साखर कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड कामगारांच्या अन्न-निवाऱ्याविषयी हा अधिनियम मौनच राहिला.

स्वाध्याय : भवानीनगरसारख्या कारखान्याच्या गावासाठी साथकाळातील शासनाची कोणती कर्तव्ये कायद्यात नमूद असावीत? सकारण लिहा.