थांबलेल्या गाडीपाशी

पादऱ्याहून जंबुसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री एखादी मालमोटार बिघडून उभी राहिली, तर तिच्यामागे कोणी झाडाची फांदी टाकतो, कोणी दोन धोंडे मांडतो. मागून येणाऱ्यास सूचना मिळावी, एवढाच हेतू. (पुढे ते धोंडे तेथेच राहतात आणि दुसऱ्याच कोणाचा घात करतात, ही गोष्ट निराळी!)

याच तालुक्यातील मुजपूर व पलीकडचे गंभीरा यांना जोडणारा, १९८५ साली खुला झालेला महीवरील पूल ९ जुलै २०२५ रोजी सकाळी कोसळला. वाहने नदीत पडली आणि किमान २० माणसे दगावली. काठावरचे गावकरी प्रथम धावले, मागाहून अग्निशामक दलाचे व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. त्यांना भय होते ते पाण्याचे व चिखलाचे. भर रस्त्यावर मदत करणाऱ्यास मात्र भय असते ते मागून येणाऱ्याचे.

अहमदाबादेत ते खरे ठरले. २० जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सरखेज-गांधीनगर महामार्गावरील इस्कॉन पुलावर एक मोटार मालमोटारीवर आदळली. पोलीस आले, पाहावयास तरुण मंडळीही जमली. तेवढ्यात ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेगाने दुसरी मोटार आली आणि थेट त्या जमावात घुसली. नऊ जण प्राणास मुकले. त्यांत कर्तव्यावर असलेला एक पोलीस शिपाई होता, एक गृहरक्षक होता. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा अपराध एवढाच, की ते पाहण्यासाठी थांबले होते.

वाचकहो, येथे थोडे गणित पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद गेलाच. मग चाके थांबावयास आणखी पस्तीसेक मीटर. म्हणजे ६० ते ७० मीटर. दिव्यांचा मंद झोत मात्र पुष्कळदा चाळीस-पन्नास मीटरच उजळतो. ज्या वेगात आपण पुरेसे पाहूच शकत नाही, त्या वेगात आपण निर्धास्त चालतो! वर डोळेही फसवितात. पुढच्या गाडीचा तांबडा दिवा दिसला, की ती चालतीच आहे असे मन धरून बसते. ती उभी आहे हे उशिरा कळते.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, रुग्णवाहिकेस वा बंबास वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, सांगितले आहेत. त्याच दुरुस्तीत अपघातग्रस्तास हात देणाऱ्यास संरक्षण आहे, आणि इंग्रजी मसुद्यात त्या मदतकर्त्यास चक्क शुभवर्तमानातल्या शोमरोन्याचे नाव आहे. पण वाट देण्याचे ते कलम जवळ येणाऱ्या बंबाविषयी बोलते. रस्त्याकडेला थांबून काम करणाऱ्या माणसांचे काय? अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याने १९९६ साली त्यांच्यासाठी निराळा कायदा केला आणि २०१२ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत तसे कायदे झाले: लुकलुकते दिवे दिसताच शेजारची मार्गिका धरा, ते शक्य नसेल तर वेग उतरवा.

आपल्या दोनपदरी रस्त्यावर शेजारची मार्गिका म्हणजे समोरून येणाऱ्याचीच. तेव्हा दुसरा पर्यायच आपला. निळा-तांबडा दिवा दिसताच वेग उतरवावा, प्रखर झोत खाली करावा, म्हणजे वाकून काम करणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. आणि पाहण्यासाठी थांबू नये. मदत करावयाची असेल तर गाडी बरीच पुढे नेऊन कडेला लावावी, १०८ फिरवावा, मग पायी मागे यावे, तेही डांबरावरून नव्हे, कडेच्या मातीवरून.