फांदी किती वेळ उकळावी?

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात बिअर्डेड ड्रॅगन नावाचा एक सरडा राहतो. शेपटीसह त्याची लांबी सुमारे अर्धा मीटर भरते. डिवचला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो, म्हणून त्याच्या नावात ही दाढी आली. आपल्याप्रमाणे शरीरातच उष्णता निर्माण करून तापमान कायम राखण्याची सोय त्याच्यापाशी नाही. त्यामुळे सकाळी वाळक्या फांदीवर किंवा कुंपणाच्या खांबावर चढून तो ऊन खात बसतो.

युरोप-अमेरिकेत माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेले हे सरडे अनेक घरांत पाळले जातात. काचेच्या पेटीच्या एका टोकाला दिवा टांगतात आणि त्याच्याखाली एक फांदी बसवतात. फांदीच्या पृष्ठभागाचे तापमान ४०° सें. च्या आसपास राहील इतक्या अंतरावर दिवा ठेवावा लागतो. (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतीय साप, घोरपड, तारा कासव हे प्राणी घरी बाळगणे गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनेक परदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. तेव्हा हा लेख वाचून कोणी घोरपड धरायला निघू नये!)

फांदीऐवजी दगड का नको, असे तुम्ही विचाराल. दगडही ठेवतात. पण ग्रॅनाइटसारख्या दगडाची उष्णतावाहकता लाकडाच्या दहापटींहून अधिक असते. दोन्ही सारखेच तापलेले असले तरी दगड पोटाच्या कातडीला भराभर उष्णता देतो आणि लाकूड सावकाश देते. शिवाय फांदीला नखे रोवता येतात. फांदी निदान प्राण्याच्या अंगाइतकी जाड हवी आणि पेटीत पक्की बसवलेली हवी.

मात्र रानातून आणलेली फांदी एकटी येत नाही. सालीखाली कोळी आणि मुंग्या असतात, फटींत माइट असतात, आणि गाभ्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात. बंद, उबदार पेटीत माइटची संख्या झपाट्याने वाढते. त्यांतल्या रक्त शोषणाऱ्या जातींनी प्राणी अशक्त होतो, क्वचित मरतोही. म्हणून फांदी उकळून घ्यावी, असे सर्वच जाणकार सांगतात. किती वेळ, हे विचारले की कोणी अर्धा तास म्हणतो, कोणी दोन तास. दोघेही बरोबर असू शकतात, कारण फांदीची जाडी त्यांनी सांगितलेलीच नाही.

गाभा किती तापला पाहिजे, हे प्रथम ठरवू. या प्रश्नाचा विचार व्यापारात आधीच झालेला आहे. निर्यातीच्या खोक्यांखालच्या लाकडी पॅलेटवर गव्हाची ओंबी आणि इंग्रजी एच. टी. ही अक्षरे छापलेली तुम्ही कधी पाहिली असतील. एका देशाच्या लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्याची अट अशी, की लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६° सें. पर्यंत चढले पाहिजे आणि तेथे सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. एच. टी. म्हणजे अशी उष्णताप्रक्रिया झाल्याची खूण. आपल्या कामालाही हे माप पुरेसे आहे. यात 'गाभ्याचे' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा.

उकळत्या पाण्यात टाकलेल्या फांदीचा पृष्ठभाग जवळजवळ लगेच १००° सें. ला पोचतो. तेथून उष्णता एका थराकडून पुढच्या थराकडे सरकत गाभ्याकडे जाते. जाडी दुप्पट केली तर उष्णतेला दुप्पट अंतर तोडावे लागते, हे उघड आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. तोच तापमानातील फरक आता दुप्पट अंतरावर पसरल्यामुळे उतार निम्मा होतो आणि उष्णतेचा ओघ मंदावतो. दोन्ही गोष्टी मिळून लागणारा वेळ चौपट होतो. थोडक्यात, वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आकडे घालून पाहू. फांदी आरंभी २५° सें. ला आहे असे धरले, तर ५ सेंमी. जाडीच्या फांदीचा गाभा ५६° सें. ला पोचायला सुमारे ११ मिनिटे लागतात. १० सेंमी. च्या फांदीला पाऊण तास लागतो, आणि २० सेंमी. च्या ओंडक्याला जवळजवळ तीन तास. यानंतर प्रत्येकाला ती ३० मिनिटे द्यायचीच. लाकडाची जात आणि ओलावा यांनुसार हे आकडे कमीजास्त होतील, म्हणून थोडा वेळ वरकड द्यावा. म्हणजे अर्ध्या तासात अंगठ्याएवढी काटकी आरामात कीडमुक्त होते, पण त्याच पातेल्यातल्या मांडीएवढ्या ओंडक्याच्या पोटात अळी अजून सुखात असते. मोठ्या ओंडक्यावर नुसती किटलीभर कढत पाणी ओतणे तर वायाच, कारण ते पाणी वाहून जाते आणि पृष्ठभाग काही मिनिटांत निवतो.

काही जण उकळण्याऐवजी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात फांदी बुडवतात. येथेही वर्गाचाच नियम लागू पडतो, पण चाल अगदी निराळी. साध्या पाण्यातसुद्धा विरघळलेल्या पदार्थाचे रेणू उष्णतेपेक्षा शंभरपटींहून अधिक सावकाश पसरतात, आणि लाकडाच्या अरुंद नलिकांत आणखी सावकाश. शिवाय क्लोरीन लाकडाशीच संयोग पावून वाटेत संपतो. गाभ्यापर्यंत तो पोचतच नाही, वरच्या थरात मात्र मुरून बसतो आणि पुढे दिव्याखाली त्याचा वास येत राहतो. माझ्या मते या कामी ब्लीचिंग पावडर नकोच.

उकळताना पाणी चहासारखे तांबूस होते ते टॅनिनमुळे. त्याला घाबरण्याचे कारण नाही. लाकूड तरंगते, म्हणून वर धुतलेला दगड ठेवून ते पूर्ण बुडवावे. प्रेशर कुकरमध्ये १२०° सें. च्या आसपास तापमान मिळते हे खरे, पण सुटलेली साल वाफेच्या नळीत अडकली तर स्फोटाचा धोका असतो. तो मोह टाळावा. ओव्हनमध्ये हवेकडून लाकडाला उष्णता सावकाश मिळते, आणि ओली फांदी बाष्पीभवनामुळे बराच वेळ थंडच राहते. तरी ओव्हन वापरायचाच तर १०० ते १२०° सें. पुरे, आणि तेथून हलू नये. २००° सें. च्या वर लाकडाचे विघटन सुरू होऊन ज्वालाग्राही वायू निघू लागतात.

एवढे केले तरी फांदी निर्जंतुक झाली असे समजू नका. काही जिवाणूंची बीजाणुके १००° सें. ला तग धरतात, आणि दमट पेटीत बुरशीचे बीजाणू हवेतून पुन्हा येतात. किडे आणि माइट मारणे एवढाच आपला हेतू आहे. लाकडातले विषही उकळून खात्रीने जात नाही. कण्हेर, शेर, बिबा यांच्या फांद्या मुळीच घेऊ नयेत. देवदार, पाइन अशी राळेची सुवासिक लाकडेही टाळतात.

उकळलेली फांदी सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच असतो आणि लाकूड तडकते. वाळली की नाही हे हाताला कळत नाही. रोज वजन करावे आणि ते घटायचे थांबले की फांदी तयार झाली असे समजावे.

जाडीच्या वर्गाचा नियम शाळेत पडताळता येईल, त्यासाठी सरडा लागत नाही. एकाच झाडाच्या ३ सेंमी. आणि ६ सेंमी. जाडीच्या, २० सेंमी. लांबीच्या दोन फांद्या घ्या. सुताराकडून गिरमिटाने दोहोंच्या टोकाकडून मधोमध १० सेंमी. खोल भोक पाडून घ्या. फांद्या रात्रभर भिजवा. भोकात थोडे पाणी घालून ११०° सें. पर्यंतची तापमापी बसवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली फांदी स्टँडला उभी बांधून खोल पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात सोडा, वरचे टोक तेवढे २ सेंमी. बाहेर असू द्या. ५६° सें. ला पोचायला लागलेला वेळ दोन्ही वेळा लिहून घ्या. गुणोत्तर चारच्या जवळ यावे. ते चारपेक्षा थोडे कमी आले, तर उष्णता सालीतून आत शिरली तशी आणखी कोठून शिरली असेल, आणि जाड फांदीला तिचा लाभ अधिक का झाला, याचा शोध घ्या.